समजावून सांगितले

मंडळी, एक सांगा बरं! अर्थ न कळता दिलेला शब्द आपल्याला बांधतो का? माना खाली घालू नका, उत्तर शेवटी घेणार आहे!

तर ऐका. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली बळवंतराव हुद्दारांचा टाइपरायटर. सत्तावीस वर्षं इंग्रजी दस्त टाइप करतायत. 'व्हेअरअ‍ॅज', 'अफोरसेड', 'हिअरइनआफ्टर' — बोटं नुसती पळतात! अर्थ? छे हो! जुना नमुना समोर ठेवायचा, नावं बदलायची, झालं काम!

एक दिवस भागीरथीकाकू तांबट आल्या. मूलबाळ नाही. राहतं घर पुतण्याच्या नावे करायचं. तो हैदराबादेत, म्हणून दस्त इंग्रजीत.

"काकू, इथं सही करा."

"थांब रे. सहीच्या वर काय लिहिलंयस?"

"'वाचून दाखवला, समजावून सांगितला.' लिहायची पद्धत असते."

"मग सांग की समजावून!"

घ्या! आजवर कुणी विचारलंच नव्हतं! बळवंतरावांनी आपल्याला काम देणाऱ्या वकीलसाहेबांच्या कपाटातला शब्दकोश आणला. एकेका शब्दावर बोट ठेवत गेले आणि 'हेन्सफोर्थ'पाशी बोट थांबलं.

"काकू... 'आजपासून पुढे' देणाऱ्याचा घरावर कसलाही हक्क नाही."

"अगं बाई! मग उद्यापासून मी राहू कुठं?"

बळवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. असे किती कागद या बोटांखालून गेले असतील! तडक उठले, वकीलसाहेबांना दाखवलं. साहेबही चपापले — नमुना भलत्याच कुणाचा! पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, मसुदा मलाही आला होता, पण मला तरी कुठं कळला होता? तुझ्या घरातून तुला कोण काढतंय!"

नवा कागद झाला, साध्या शब्दांत. घर पुतण्याला, पण काकू आहेत तोवर राहणार काकूच! बळवंतरावांनी ओळ न् ओळ समजावली, मग काकूंनी झोकात सही ठोकली. त्या दिवशी बळवंतरावांना चहा फार गोड लागला हो!

हसताय? हसा! आता आपलं बघू. बोहल्यावर 'नातिचरामि' म्हणालात ना? भटजींनी म्हणायला लावलं, म्हणालात! अहो, 'हिला डावलून काही करणार नाही' असा शब्द दिलाय तुम्ही! बांधतो की नाही? मला नका सांगू. ती बघा, पलीकडच्या रांगेत बसलीय आणि तुमच्याकडेच बघतेय. घरी जाताना तिला समजावून सांगा!