रांधणाऱ्याचा पहिला घास

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. नेम आपण धरतो देवासाठी. पण त्याची झळ जर भलत्याच माणसाला बसली, तर तो नेम देवापर्यंत पोचतो का हो? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका!

कर्जतच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक हॉटेल. साधंसुधं नव्हे! महिनाभर आधी नाव नोंदवायचं. काय खायचं ते तुम्ही सांगायचं नाही, त्या ऋतूत रानात जे उगवेल ते तो आचारी वाढणार. एकामागून एक नऊ पदार्थ! ताट परातीएवढं, आणि त्यात घास? — हा एवढा, सुपारीएवढा! हसताय काय? लोक मुंबईहून गाड्या काढून येतात. त्याला टेस्टिंग मेनू म्हणतात म्हणे. आपल्याकडे सासूबाई आमटी चाखतात तसंच, फक्त बसायला खुर्ची बरी!

तिथला मुख्य आचारी श्रीरंग बडेकर. गुणी माणूस, हाताला चव, गळ्यात माळ. अकरा वर्षांपूर्वी त्याची आई न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा हा रडत एका बुवाकडे गेला. बुवा म्हणाले, “एकादशी धर. ज्येष्ठातल्या निर्जलेला तर पाण्याचा थेंबही नको. आणि एक जरी चुकली —” एवढं बोलून बुवांनी बोट वर केलं. पुढचं बोलले नाहीत. गरजच नव्हती! आई उठली. आणि त्या दिवसापासून श्रीरंगच्या मनात एकच — आईचा श्वास माझ्या उपासावर टांगलेला आहे.

ते बुवा कोण? मीच तो. ह्याच तोंडानं दिलेला नेम!

आता पुढं. ज्येष्ठाचे दिवस, रानात शेवळं आली. जमिनीतून कणसासारखा कोंब वर येतो. चव अशी की मटण बाजूला ठेवा — माळकऱ्यांनी जरा कान झाका! पण शेवळं खाजरी. नीट निवडली नाहीत, काकडं म्हणतात ती आवळ्याएवढी आंबट फळं पुरेशी घातली नाहीत, तर घशाला अशी खाज सुटते की माणूस तळमळतो. श्रीरंगला ही भाजी शिकवली ठाकरवाडीतल्या ठमाबाईनं. सत्तरीची म्हातारी, रानातली भाजी तीच आणून द्यायची. तिनं शिकवताना एकच अट घातली होती, “रांधणाऱ्यानं पहिला घास खायचा. घटकाभर थांबायचं. मग दुसऱ्याला वाढायचं.” वाडीची रीतच ती! श्रीरंगनं ती कधी मोडली नव्हती.

पण त्या दिवशी नेमकी निर्जला आली! चौदा पाहुणे दुपारच्या पंगतीला. आणि पहिल्यांदाच मालकानं ठमाबाईलाही पाहुणी म्हणून खुर्चीवर बसवलेली. श्रीरंगनं मनाशी म्हटलं, दरसाल करतो, हाताला माप ठाऊक आहे. न चाखता ताटं बाहेर पाठवली.

ठमाबाईनं ताट पाहिलं, वास घेतला, हात मागं घेतला. मोठ्यानं म्हणाली, “थांबा रं समदी! रांधणाऱ्यानं खाल्लं का?”

पाहुणे हसले. श्रीरंग बाहेर आला, खाली मान घालून म्हणाला, “मावशी, आज मला एकादशी आहे. निर्जला.”

“मंग वाढलंस कशाला?”

चौदा चमचे हवेत थांबलेले. श्रीरंगच्या ओठांवर आईचं नाव येतंय, पण चारचौघांत सांगवत नाही. ठमाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे! आवाज मऊ करून म्हणाली, “तुझा नेम आहे ना, लेकरा? ऱ्हाऊ दे. मीच खाते आधी.” आणि घास उचलला.

मंडळी, सत्तर वर्षांचा गळा तो! श्रीरंगला एकीकडे घरची आई दिसली, एकीकडे ही समोरची. आणि त्यानं तिच्या हातातला घास काढून स्वतःच्या तोंडात टाकला! डोळे मिटले. थांबला. आणि मग घसा धरून खाली बसला. पाऊस लांबलेला, काकडं कोवळी, त्यांना आंबटपणाच नव्हता! ठमाबाईनं त्याला चिंचेचं पाणी पाजलं. घशाला उतार पडल्यावर तो उठला, हात जोडून म्हणाला, “चूक माझी आहे. मी न चाखता वाढलं. ही भाजी खाऊ नका.” सगळी ताटं परत गेली.

मग धावत घरी! दार उघडलं, तर आई चुलीपाशी शेंगा सोलत बसलेली. ह्यानं तिचे पाय धरले, हुंदके देत सगळं सांगितलं. अकरा वर्षांत आईला हा सौदा ठाऊकच नव्हता! ती म्हणाली, “माझ्या जिवासाठी दुसऱ्याच्या आईचा गळा जाळणार होतास? मला नको होतं रे असलं आयुष्य.”

दुसऱ्या दिवशी श्रीरंग माझ्याकडे आला. “बुवा, नेम मोडला. प्रायश्चित्त सांगा.” मी त्याच्या पाया पडलो, मंडळी! म्हटलं, “प्रायश्चित्त मला हवं. भीती दाखवून देवाचं नाव घ्यायला मी लावलं तुला.”

आता तुम्ही! उपास तुमचा, आणि चार वाजता उठून साबुदाणा कोण भिजवतं? सोवळं तुमचं, आणि विटाळ नको म्हणून वरून ओंजळीत पाणी ओतत कुणाला उभं करता ओसरीखाली? मौन तुमचं, आणि घर कुणाचं मुकं होतं? एकादशी अन् दुप्पट खाशी, ह्यावर आपण हसतो. पण ज्याच्या जिवावर ती पार पडते, त्याला कधी विचारलंय?

आता देवाचं नाव घेऊ. पण टाळी वाजवण्याआधी घरातलं एक नाव मनात घ्या — तुमचा नेम आजवर ज्याच्या घशाला खाजतोय, त्याचं. घेतलंत? आता वाजवा टाळी!