एका कोकराच्या किमतीत दहा इंच

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक आदरणीय नारायणराव भोईटे साहेब. आटपाडीहून एवढ्या उन्हात साताऱ्याला आलेले प्रमुख पाहुणे, मेंढीपालक संघाचे अध्यक्ष आकारामबापू मेटकरी. बापूंच्या शेजारी बसलेल्या आणि मघाशी मला 'लय लांबवू नगंस' असा दम देऊन ठेवलेल्या धोंडूमावशी गळवे. साहेबांचे पुतणे व आमचे तरुण संचालक निमिषराव. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या टॅबची रचना करणाऱ्या ज्ञानदाताई लिमये. जुळणी विभागातल्या माझ्या सर्व भगिनी, आणि दाराजवळ उभं राहून आत काय शिजतंय याचा वास घेणाऱ्या विक्री विभागातल्या माझ्या बंधूंनो!

मी अमृत घाडगे. गाव विटा. कंपनीची विक्री बघतो. ताईंच्या निरोपाचं भाषण माझ्याकडे का आलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. याचं उत्तर सोपं आहे. या कंपनीत ताईंशी सगळ्यात जास्त भांडण कुणाचं झालं असेल तर ते माझं. भांडणाऱ्याइतकं माणसाला दुसरं कोण ओळखतं, सांगा बरं?

आणि निरोप तरी कसला हो? ताई चालल्यात सांगलीला, आपल्याच नव्या कारखान्याच्या प्रमुख म्हणून. इथून निघालं, कराडला चहा घेतला, की जेवायला माणूस सांगलीत. पण आपल्याकडं साताऱ्याचं माणूस सांगलीला निघालं की घरातले असे बघतात, जणू आता कंदी पेढा विसरून जन्मभर भडंगच खाणार! ताई मूळच्या वाईच्या. बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. त्या 'बघू या हं' म्हणाल्या की नवख्या माणसाला वाटतं, मान्य झालं. आम्हाला माहीत असतं की आपलं काही खरं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. नव्या मुलींना ती माहीत नाही. तेव्हा आपले टॅब कुणी घेत नव्हतं. मोबाईलच एवढे मोठे झाले होते की लोक म्हणायचे, टॅब घेऊन करायचं काय? गोदामात खोके छताला टेकले होते. साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की आटपाडीच्या मेंढीपालक संघाला त्यांच्या घराघरांसाठी टॅब घ्यायचेत. ते काम मिळालं तर ठीक, नाहीतर मार्चनंतर जुळणीचा विभाग बंद. म्हणजे आपण दुसरीकडून तयार माल आणायचा आणि त्यावर आपलं नाव चिकटवून विकायचा. जुळणीच्या बायकांचं काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. अपेक्षा साळुंखे त्या वेळी माझ्यासमोर उभी होती. तिच्या घरी तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटायची. ती नुसती हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिली.

मग सुरू झाली आमची ती ऐतिहासिक भांडणं! निमिषराव, रागावू नका, आज सगळं बोलणार आहे मी. निमिषरावांचं म्हणणं, सात इंच. हलका, पातळ, पाठीला धातू, बोटाच्या ठशाचं कुलूप, आणि घरटी एक नव्हे, माणशी एक विकायचा. मी म्हणालो, आठ. का? तर मी विकणारा माणूस. सातवाल्याला म्हणायचं मोठा आहे, दहावाल्याला म्हणायचं सुटसुटीत आहे! आणि ताई म्हणाल्या, दहा.

दहा! अहो, काच दहा इंचाची केली की बॅटरी मोठी आली, खोकं मोठं आलं, किंमत वर गेली. वर बापूंनी पहिल्याच बैठकीत अट घातली होती. बापू, तुमचेच शब्द सांगतो: "एक कोकरू इकून टॅब घरात आला पायजे. दोन इकायला लावशीला तर राम राम." झालं! तेव्हापासून आमच्या कचेरीत रुपये कुणी बोलेचना. कॅमेरा किती खातो? कोकराचा एक पाय. धातूची पाठ किती? अख्खी मागची मांडी. निमिषराव पुण्यात शिकून आले ते कोकराचे वाटे घालायला, असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी ताई म्हणाल्या, "आपण इथं बसून कुणासाठी भांडतोय? चला, विचारू या." आणि आम्हाला घेऊन गेल्या आटपाडीच्या पलीकडं, माळावर मेंढरांचा तळ पडला होता तिथं. घोड्यावरनं बिऱ्हाड उतरवलेलं, धोंडूमावशी भाकरी थापत होत्या. निमिषरावांनी सात इंची टॅब त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "आवं, एवढ्याशा काचंत चौघांनी कसं बघायचं? डोस्की आपटतील की! नातीचा धडा लागला तर आमी काय आभाळाकडं बघायचं व्हय?"

निमिषराव म्हणाले, "मावशी, प्रत्येकाला वेगळा घ्यायचा."

मावशी म्हणाल्या, "आन मग बोलायचं कुणी कुणासंगं?"

परत येताना गाडीत मी पुन्हा कोकराचे वाटे घालत होतो. मला वाटलं, आठ इंच अजून जमेल. विटेकर आहे मी, एवढ्यात हार मानत नाही. पण दहा ठरलं. नमुन्याचे टॅब तयार झाले, संघाच्या काही घरांत वापरायला दिले. धडे, मेंढरांच्या लसींच्या तारखा, बाजारभाव, लांबच्या माणसाशी तोंड बघून बोलणं, सगळं झकास चाललं. आम्ही खूश. आणि आला दसरा.

दसरा झाला आणि टॅब परत यायला लागले. एक आला, दुसरा आला, मग पोतंच आलं. तक्रार एकच, चार्जिंग होत नाही. साहेबांचा चेहरा उतरला. बॅटरीत खोट आहे म्हणून आम्ही बॅटरीवाल्याशी फोनवर भांडलो, तो उलटा आमच्यावर ओरडला. ताईंनी मात्र शांतपणे एक टॅब उघडला. आत काय असावं? लालभडक कुंकू! चार्जरचं भोक हळद-कुंकवानं गच्च भरलेलं, आवाजाच्या जाळीत तांदळाचा दाणा, आणि एकात तर झेंडूची पाकळी.

खंडेनवमीला लोकांनी कुऱ्हाड पुजली, कातर पुजली, शेजारी टॅब ठेवून त्यालाही पुजलं. नवी आणि मोलाची वस्तू, मग पूजा नको? आपण सगळे हेच करतो की! साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवरचं स्वस्तिक अजून निघालेलं नाही.

मला तर तोडगा लगेच सुचला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायचं, 'हळद-कुंकू वाहू नये.' निमिषरावांनाही पटलं. आमचं दोघांचं पटलेलं तेवढं एकच! आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मी ताईंचा आवाज चढलेला ऐकला. म्हणाल्या, "अमृत, माणसानं विकत घेतलेली वस्तू हौसेनं पुजली, तर आपण त्याला पुजू नकोस म्हणून सांगायचं? आपली वस्तू पूजा सोसेल अशी करा!"

मला राग आला होता, खरं सांगतो. आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली की काय सांगू.

पण सोसेल अशी करायची म्हणजे रबराची झाकणं आली, जाळीमागं बारीक पडदा आला. खर्च वाढला. कोकरू तर एकच! मग ताईंनी एकेक गोष्ट काढायला घेतली. बोटाच्या ठशाचं कुलूप काढलं. चौघांच्या टॅबला कुलूप कशाला? धातूची पाठ गेली, जाड प्लॅस्टिक आलं. पुढचा कॅमेरा साधा केला. मागचा चांगला ठेवला, कारण मेंढराच्या खुराचा फोटो डॉक्टरला नीट दिसला पाहिजे. पातळपणावर निमिषराव शेवटपर्यंत लढले. ताई म्हणाल्या, "बघू या हं," आणि पातळपणा गेला!

मग तो दिवस. आटपाडीत बिरोबाच्या देवळापुढं संघाची सभा. आमच्यासारखीच आणखी एक कंपनी आली होती, नाव घेत नाही. त्यांचा टॅब आरशासारखा चकचकीत, आणि आमचा, आता घरातलीच माणसं आहोत म्हणून सांगतो, पोळपाटासारखा! किंमत दोघांची एका कोकरात बसणारी. त्यांचा प्रतिनिधी टाय लावून बोलला, टाळ्या घेतल्या. साताऱ्यात जुळणीच्या बायका काम थांबवून फोनभोवती बसल्या होत्या, हे मला माहीत होतं. आज काम गेलं तर त्यांना जाऊन सांगायचं मलाच होतं.

ताई बोलायला उठणार, एवढ्यात आकारामबापू म्हणाले, "थांबा, आदी देवाचं." आणि दोन्ही टॅब देवापुढं ठेवून, 'बिरोबाच्या नावानं चांगभलं!' म्हणत त्यांनी मूठभर भंडारा उधळला. एक मूठ नाही, बाबांनो, दुसरीही! पिवळं धुकं झालं नुसतं. वर नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं.

टायवाला गृहस्थ किंचाळला. खिशातून रुमाल काढून पुसायला गेला, तशी हळद चांगलीच आत बसली. चार्जर लावला, लागेना. फुंकर मारली, तर त्याच्याच डोळ्यांत गेली. आवाज सुरू केला, तर सर्दी झाल्यासारखा घोगरा.

ताई जागेवरून हलल्या नाहीत. "मावशी, आपला जरा धुता का?" एवढंच म्हणाल्या. आणि धोंडूमावशींनी, सबंध सभेसमोर, तांब्यातलं पाणी सरळ टॅबवर ओतलं! पदरानं पुसला, झाकण उघडलं, चार्जर लावला. लागला! मावशींनी नातीचा धडा सुरू केला आणि टॅब उचलून सभेकडं फिरवला. मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "दिसतंय रं गड्या! हितनं दिसतंय!"

बापूंनी विचारलं, "काय मंडळी, ह्योच न्हवं?" आणि जो आवाज उठला! मी ताईंचा हात धरून नाचलो. वाईच्या लिमये बाई बिरोबापुढं नाचल्या! कपाळापासून चपलेपर्यंत पिवळ्या! निमिषरावांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "दहाच बरोबर होता, अमृतकाका." मी म्हणालो, "फोन लाव आधी साताऱ्याला." फोनवर काही ऐकूच येईना. तिकडं बायका नुसत्या ओरडत होत्या, रडत होत्या, आणि मध्येच अपेक्षाचा आवाज आला, "सर, उद्यापास्नं किती करायचे तेवढं सांगा!"

आज त्याच टॅबसाठी साताऱ्याचा विभाग अपुरा पडतो, म्हणून सांगलीला दुसरा कारखाना उभा राहिला आणि ताई तिकडं निघाल्या. ताई, तुमच्याशी आता सांगलीला येऊन भांडावं लागेल. येणार मी. सोडत नाही.

साहेब, बापू, मावशी, आपण आलात, आभारी आहे. आचारी मंडळींचे आभार जेवल्यावर मानतो. आणि एका आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागतो. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, सत्कार अध्यक्षांच्या शुभहस्ते. साहेब, मोठ्या मनानं खाली बसा. ज्यांच्या हातचं काम या खटाटोपानं वाचलं, त्या इथं चौथ्या रांगेपासून बसल्यात. अपेक्षा, ऊठ. सगळ्याजणी वर या, आणि ताईंना शाल तुम्ही घाला!