चिमीचा दात आणि आमचं ब्रॉडबँड

तुम्ही हसाल, पण कुडाळच्या घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा मी ते एकाच गोष्टीसाठी वापरत होते. माझ्या दहा महिन्यांच्या चिमीला अजून दात का नाहीत, ते शोधायला. वाचून वाचून मी तिला चार आजार लावूनही ठेवले होते. आणि अचानक पानं उघडेनात. अर्धंच पान दिसायचं, तेही नेमकं भीती घालणारं अर्धं.

कंपनीला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, स्पीड पूर्ण आहे." शेवटी लाइनमन आला. त्याने टेबलाखालून मोडेमची वायर ओढून पाहिली.

"वहिनी, घरात उंदीर आसत. वायर कुरतडलेली आसा."

सासूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. "माझ्या घरात उंदीर? सुक्या बांगड्यांचो डबो उघडो रवलो तरी एक बांगडो गेलो नाय, आणि तुझी वायर खातले?"

वाद चांगलाच रंगला. तेवढ्यात चिमी रांगत आली, लाइनमनच्या हातातली वायर तिने हक्काने ओढली आणि तोंडात घातली.

सासूबाईंनी वायर काढून घेतली आणि चमचा आणून तिच्या खालच्या हिरडीवर हळूच वाजवला. टक्!

"दात इलो गो!" मग लाइनमनकडे वळून म्हणाल्या, "हो बघ तुझो उंदीर!"

मी सगळं जग धुंडाळलं होतं, फक्त तिच्या तोंडात बघायचं राहिलं होतं.

नवी वायर लागली, पानं झरझर उघडायला लागली. मी लगेच बसले आणि विचारलं, बाळाने वायर चघळली तर काय होतं?