सीताफळाचं माहेर

बसस्थानकावर सोयगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मीनाक्षीच्या कानावर शेजारच्या बाकड्यावरचं बोलणं आलं. आजीच्या मांडीवर सीताफळांची पाटी होती, अन् शेतकी कॉलेजात शिकणारी नात तिला काहीबाही सांगत होती.

“आज्जे, सीताफळ मूळचं आपलं नाय. अमेरिकेकडून फिरंग्यांच्या जहाजातून आलंय.”

“डोकं फिरलं का तुझं? सीतामाईनं वनवासात खाल्लेलं फळ हाय हे!”

“नाव आपण मागून दिलं.”

“अन् रामफळ?”

“ते बी तिकडचंच.”

“लक्ष्मणफळ तरी?”

“ते बी.”

“या बया! म्हंजे अख्खा वनवासच तिकडचा? अन् मी दर साली पहिलं फळ देवापुढं ठेवते!”

“वहिनीला मात्र देवघरात येऊ देत नाय. बिहारची म्हणून.”

“फळाची गोष्ट निराळी. सीतामाईचं नाव लागलंय त्याला.”

“वहिनीचं गाव विचारलंस कधी?”

“कशाला विचारू?”

“सीतामढी. सीतामाईचा जन्म तिथलाच म्हणतात, आज्जे.”

सोयगावची गाडी लागली. मीनाक्षी उठली. आजी पाटीतलं एकेक फळ उलटसुलट करून बघत होती.