शेवंताच्या वाकळेतली भाकरी

आईची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी शाळेत होतो, आईनं सांगितलं. लातूर नवा जिल्हा झाला होता, पण पाऊस जुनाच रुसलेला. औशात आई आणि तिच्या मैत्रिणी जुनी लुगडी जोडून वाकळ शिवत होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या शेवंताच्या तान्ह्या लेकरासाठी. राधाकाकूनं हिरव्या खणाचा पोपट लावला.

"राधे, पोपट हाय का कोंबडी?"

"लेकराला कळतंय व्हय? गप शीव!"

वाकळ उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायची आमच्याकडं रीत. आईनं स्वतःची अख्खी भाकरी घातली.

"अगं, तू काय खाशील?"

"शेवंता लई मानी हाय. भाकरी दिली तर घेणार न्हाई. लेकरासाठी म्हणून वाकळ घेईल."

दुसऱ्या दिवशी शेवंता अर्धी भाकरी घेऊन हजर. "वैनी, वाकळेला जास्त झाली."

हे शेवटचं मी रचलं. ती आलीच नाही. पण पुढं ती वाकळ वाळत घातलेली दिसली, तेव्हा तो कोपरा उसवून पुन्हा नीट शिवलेला होता. टाके आईचे नव्हते.