मर्व्ह कामावरून का गेला?

हॅलो? … कोण? … अगं ग्लेनिस, तू होय! मोठ्याने बोल, मागे मिक्सर चालू आहे. कॉन, जरा बंद कर रे ते धूड! … हं, आता बोल.

हो, हो… पगार पाठवायलाच बसले होते. गुरुवार विसरेन कशी? ट्रूडी सकाळपासून काउंटर सोडून आत डोकावतेय.

नाही गं, जातच नाहीये. तुझा तो नवा प्रोग्राम अडून बसलाय. … तू सांगितलंस तसंच केलं! एप्रन धुण्याचा भत्ता वेगळा, जादा तास वेगळे, सुट्टीचे वेगळे. सॉसेज रोलमध्ये मिरी किती घालतो, तेवढंच टॅक्स ऑफिसला सांगायचं राहिलंय.

कुठे अडलाय? … मर्व्हपाशी.

… हं.

अगं ऐक ना… ऐक तरी! नवरा माझा होता, मला माहीत नसणार? … हो, तो गेला तरी दर गुरुवारी त्याचा पगार पाठवलाय मी. आमच्याच खात्यात गेला ना? कुणाच्या खिशातून काढला? … बरं, चूक. बेकरीचे हिशेब तू बघतेस, तू म्हणतेस तर चूक.

काढतच होते गं नाव! पूर्वी नुसतं नाव पुसलं की संपायचं. आता नवा नियम. हा विचारतो, माणूस कामावरून का गेला? कारण निवडा. कारण दिल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि ट्रूडी-कॉनचे पगारही धरून बसलाय.

वाचू? … ‘स्वतःहून सोडलं.’ मर्व्हने! समुद्रावर सुट्टीला नेलं तर तिथल्या बेकरीत शिरून त्यांचा सॉसेज रोल उलगडून बघत बसायचा. … हसतेस काय, खरं सांगतेय. … ‘काढून टाकलं.’ हे मात्र मी दर शनिवारी करायचे. फुटबॉलच्या मैदानावर माल पोचवायला जायचा तो मॅच संपेपर्यंत परतायचा नाही. ‘मर्व्ह, तुला काढून टाकलंय,’ म्हणायचे मी. तर म्हणायचा, ‘नोएलीन, चहा दे आणि मग काढ.’

… हो. तेही कारण आहे खाली. दिसतंय गं, चष्मा आहे डोळ्यांवर.

नाही होत माझ्याच्याने. बोट तिथवर जातं आणि… नाही होत, ग्लेनिस.

इतके दिवस नाव ठेवलं कशाला? … सांगितलं तर वेडी म्हणशील. … त्याच्या फोनसाठी. इथेच आहे, पिठाच्या फळीवर, तो ठेवायचा तिथेच. रोज चार्ज करते. पगार गेला की त्यावर पावती येते, आणि रिंगटोनमधला तो दळभद्री कुकाबरा पक्षी माणसासारखा खदाखदा हसतो. … हो, तोच! निरोप आला तरी कुकाबरा, फोन आला तरी कुकाबरा. तुझ्या मुलीच्या लग्नात ऐन शपथेच्या वेळी हसला होता. किती भांडले मी त्यावरून! आणि आता आठवडाभर त्याचीच वाट बघते. तो हसला की कॉनसुद्धा लाटणं थांबवतो. तेवढ्यापुरता मर्व्ह मागच्या खोलीत असतो गं.

… ग्लेनिस? … अगं, रडतेस तू?

थांब, थांब. पासवर्ड तुझ्याकडेही आहे ना? तुला होर्शमला घरात बसूनही त्याचं नाव काढता आलं असतं. मग मला फोन कशाला… … अरे देवा. सकाळपासून? … तुझंही बोट तिथेच अडलं?

नको रडूस. … नाही, रड. रड बाई. धाकटा भाऊ होता तुझा.

एक मिनिट, ट्रूडी दारात आलीय. … काही नाही गं ट्रूडी, आत्ता पाठवते. घरभाडं भरायचंय ना तुला? पाठवते हं.

ग्लेनिस, फोन ठेवू नकोस. बोलूही नकोस, नुसती थांब तिथे. … हा शेवटचा दिवसही विचारतोय. तोच घालू ना? व्हॅनिला स्लाइसचा ट्रे अर्धाच कापला होता त्याने, आणि म्हणाला जरा बसतो. उरलेला कॉनने कापला, सगळा वाकडातिकडा. पण आला होता ना कामावर? … हो. तोच दिवस घालते.

‘मृत्यू.’ … आहेस ना तू? … दाबते.

…

दाबलं.

गेलं बघ. … ट्रूडीचा फोन वाजला. … हा कॉनचा.

…

नाही. फळीवर काही नाही. … नाही गं, चार्ज आहे, सकाळीच बघितलाय. त्याला आता कशाची पावती येणार?

… हो, रडतेय. रडू नको तर काय करू? कॉन पण बघ, लाटणं हातात धरून फळीकडे बघत उभा आहे.

ग्लेनिस, ऐक ना… एक करशील माझ्यासाठी? दर गुरुवारी, साधारण याच वेळेला, त्याच्या नंबरवर फोन लाव. … हो, नंबर चालूच ठेवणार आहे मी. … आजपासून. आत्ता. लावशील?

मग हा ठेव ना आधी! … हो, हो… आणि ऐक, मी उचलणार नाही हं. नुसता हसू दे त्याला. … ठेव.