दादाचा नंबर शून्य कसा?

हसू नका, आधी ऐका. बदनापूरच्या कॉम्प्युटर क्लासात माझा दादा शिकायचा. तो अपघातात वारला अन् त्याच्या खुर्चीवर मी जाऊन बसलो, नववी नापास. सरांनी संख्येतले सम-विषम अंक मोजायचा प्रोग्राम लिहायला दिला. मी दादाचा मोबाइल नंबर टाकला. उत्तर आलं, ‘0 मध्ये सम सहा, विषम चार.’

“सर, नंबर कुठंय?”

“प्रोग्राम नंबरातला एकेक अंक काढून मोजतो ना, शेवटी शून्यच उरतं. मोजणी बराबर आहे, सोड.”

“बिलकुल न्हाई सोडणार! माझ्या दादाला शून्य म्हणून राह्यलं हे.”

“मंग आधी नंबरची कॉपी ठेव अन् अंक कॉपीतले काढ.”

तसं केलं. मोजणी झाली, नंबरही राहिला. सर म्हणाले, “आता हा पुसून दुसरा टाक.”

मी म्हणालो, “दुसरा तुम्ही टाका, तुमच्या कॉम्प्युटरवर.”